चारशे बारा नंबरची काच

सांगलीत हरिभाऊ सोवन्यांकडे ज्याने म्हणून फोटो काढून घेतला, त्याची एकच तक्रार असे. हा माणूस कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नुसता बघत बसतो. नवरदेव अवघडून जायचे, पोरं भोकाड पसरायची. "अहो हरिभाऊ, आटपा की! मुहूर्त लागायचाय का अजून?" म्हणून लोक टर उडवायचे. हरिभाऊ कधी उत्तर देत नसत. द्यायला तोंड कुठं होतं त्यांना!

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं चव्वेचाळीस साली, आणि शिरलं ते माशांच्या पेटीपायी.

पेटी तशी जुनीच. साताऱ्याचा कुणी गोरा साहेब बदली होऊन निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात हरिभाऊंनी ती हौसेनं उचलली. लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि चारी बाजूंना काच. स्टुडिओच्या दर्शनी बाजूला मासे पोहायला लागले की पेठेतला येणारा-जाणारा थांबलाच पाहिजे, असा बेत. मेहुण्यानं मुंबईहून डब्यातून सोनेरी माशांची जोडी आणून दिली. आता तेवढ्यावर भागवावं की नाही? छे! हरिभाऊंनी कृष्णेवरच्या कोळ्याकडून मरळ माशाचं पिल्लू आणून त्यांच्यात सोडलं. दोन दिवसांत सोनेरी माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या. म्हणजे आता मध्ये काचेचा पडदा हवा, आणि मरळ उड्या मारते म्हणून वर काचेचं झाकणही हवं.

लढाईचे दिवस ते. अख्ख्या सांगलीत कोरी काच औषधाला मिळेना. पण हरिभाऊंच्या घरात काचेला तोटा नव्हता. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा आणि मग त्या काचेवरून कागदावर उतरायचा. आतल्या खोलीत अशा काचांचे खोकेच्या खोके रचलेले. प्रत्येक गिऱ्हाइकाला हरिभाऊ छातीठोकपणे सांगत, "कागद फाटला तरी काळजी नको. काच माझ्यापाशी आहे. कधीही या, नवा फोटो करून देतो."

वकील-डॉक्टरांच्या काचांना हात लावायची त्यांची छाती नव्हती. ती मंडळी दर दिवाळीला नवी प्रत मागायची. कोपऱ्यात मात्र एक खोका होता. त्यावर हरिभाऊंच्याच हातचं लिहिलेलं होतं, 'पूर्वेकडची मेंढरंवाली'. कवठे महांकाळच्या बाजूची माणसं लोकर विकायला यायची, जन्मातून एकदा फोटोला बसायची आणि जायची. ही कुठली परत येतायत, असं म्हणून हरिभाऊंनी खोका उघडला.

त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, हटकलं होतं. "अहो, माणसांची तोंडं आहेत ती. मोरीत काय सोडता?"

"तोंडं कसली? काळे-पांढरे डाग आहेत नुसते!" हरिभाऊ खेकसले.

धुण्याच्या सोड्याच्या ऊन पाण्यात काच ठेवली की वरचं चित्र सायीसारखं सुटायचं. राहिलेलं ते पात्यानं खरवडून काढत. अशा नऊ काचा त्यांनी कोऱ्या केल्या, काच कापायच्या हिरकणीनं मापाच्या केल्या. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून सांधे बुजवायची लांबी केली, पत्र्याच्या खाचा वाकवल्या आणि पडदा, झाकण, सगळं घरच्या घरी बसवलं. हात मात्र सोन्याचा, ते नाकारून चालणार नाही. पडदा इतका नितळ झाला की मरळ त्यावर नाक आपटायची. बघायला ही गर्दी! महिनाभर हरिभाऊ पेठेतून ताठ मानेनं हिंडले.

आणि एका दुपारी कवठे महांकाळकडच्या मेंढरंवाल्यांतली बनाबाई आली. चपला बाहेर काढून ती उंबऱ्याच्या आत टेकली आणि कमरेची फडक्याची घडी सोडायला लागली.

"आवं फोटोवालं, वळाकलं का? म्या बनाबाई. तीन वरसामागं माज्या लेकीचा फोटू काडला हुता तुमी. दगडाबाईचा." तिची तीन लेकरं हातची गेली होती, म्हणून चौथीचं नाव दगड ठेवलेलं, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. "ती बी गेली बगा भादव्यात. तापानं."

घडीतून पुठ्ठा निघाला. घोड्यावरच्या ओझ्यात भिजून फोटो कापडाला चिकटला होता, आणि सोडवताना पोरीचं सगळं तोंड निघून आलं होतं. मागं मात्र हरिभाऊंच्या अक्षरात काचेचा आकडा शाबूत होता, चारशे बारा.

"मालक म्हनलं, रडतीस कशाला? काच हाय की सांगलीला."

हरिभाऊ आत गेले आणि रिकाम्या खोक्यात उगीच हात घालून उभे राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "फुटली हो ती. उंदरानं पाडली."

बनाबाईनं पुठ्ठा पदरानं पुसला. मग म्हणाली, "काचच ती. फुटायचीच. तुमच्या हाताबिताला लागली न्हाई न्हवं?"

हरिभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एक इचारू? येडी म्हना हवं तर," बनाबाई म्हणाली. "आताशा मला तिचं त्वांड नीट आठवंना. तुमी त्या फोटूच्या पेटीतनं बगितलं हुतं की तिला. कशी दिसत हुती, तेवडं सांगा."

हरिभाऊंनी डोकं खाजवलं. नाक कसं होतं? कपाळ? कानात काही होतं का? उजेड कुठून पडला होता तेवढा आठवत होता, पण पोर काही केल्या दिसेना. बाई तर आशेनं तोंडाकडे बघतेय. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बनाबाई, काच फुटली नाही. मी खरवडली ती. ह्या पेटीला पाहिजे होती म्हणून."

ती उठली, पेटीपाशी गेली. काचेला तळवा टेकवला. खाणं आलं वाटून मरळ तळव्याकडे धावली.

"ह्यातली कंची?"

हरिभाऊ बघत राहिले. पडद्याच्या काचा, झाकणाच्या काचा, नऊच्या नऊ सारख्याच लख्ख.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

"खरवडताना तरी बगितलं का तिला?"

"नाही."

बनाबाईनं तो पुठ्ठा पुन्हा फडक्यात गुंडाळला, कमरेला खोचला आणि चपला पायात सरकवल्या.

"बगायचं हुतं वो," एवढंच म्हणाली आणि उन्हात उतरली.