चैतालीच्या पाठीवरचं जातं

वलवण धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला ओव्हाळांचं घर आहे. सीताराम ओव्हाळ रेल्वेत ट्रॅकमन होते. खंडाळ्याच्या घाटात रुळांवरून चालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांची बायको भागुबाई रानातून सरपण, करवंदं, जांभळं आणायची आणि लोणावळ्याच्या बाजारात विकायची. घरात सगळेच चालणारे. त्यामुळं थोरली चैताली डोंगरात रमली याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ती डोंगर वरून बघायला लागली तेव्हा.

सिव्हिलचा डिप्लोमा करून ती उर्स्याला राजेंद्रसरांच्या ऑफिसात लागली. सर जमिनींचे नकाशे करून द्यायचे. त्यांनी ड्रोन घ्यायचं ठरवलं आणि विचारलं, "चालवणार कोण?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "मी शिकते," चैताली म्हणाली. शिकली, परीक्षा देऊन लायसन्स घेऊन आली, आणि वर्षभरात मावळातली निम्मी शेतं तिनं पाखरासारखी वरून पाहिली.

रविवारी मात्र ती ऑफिसची नव्हती, पथकाची होती. डोंगरात कुणी हरवलं, पडलं, अडकलं की लोणावळ्यातली काही मंडळी दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघायची. पगार नाही, गणवेश नाही. म्होरक्या मारुतीभाऊ, कुरवंड्याचे शेतकरी, पायांनी डोंगर ओळखणारा माणूस. धाकटा भाऊ प्रितम आधीपासून पथकात होता, त्याच्या मागून चैताली गेली आणि ड्रोनही गेला.

एका हिवाळ्यात पिंपरीचा एक कॉलेजचा मुलगा हरवला. चैतालीनं दुपारी ड्रोन उडवून शेकडो फोटो काढले. तिच्या प्रोग्राममध्ये ते फोटो घातले की सगळ्यांचा मिळून एक नकाशा तयार व्हायचा, आणि रानाच्या रंगात न बसणारी प्रत्येक गोष्ट त्यावर लाल ठिपक्यानं दिसायची. पण तिच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपेना. घरी आणून लावला तर मध्येच बंद पडला. पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी नकाशा तयार झाला तेव्हा ओढ्यात पिवळं जॅकेट स्वच्छ दिसत होतं. पथकानं मुलाला जिवंत वर काढलं, पण त्याचं एक पाऊल गेलं. आदल्या दिवशी आणला असता तर वाचलं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. चैतालीला कुणी बोल लावला नाही. ती मात्र त्या फोटोंचं कार्ड पाकिटात घालून फिरायला लागली.

पुढं उन्हाळ्यात तो जुना लॅपटॉप कायमचाच मिटला. नवा घ्यायला ती तळेगावला गेली. भागुबाईंना डोळे दाखवायचे होते, म्हणून त्याही बरोबर होत्या.

दुकानातल्या सत्यमनं तिचं काम ऐकून घेतलं आणि काउंटरवर दोन लॅपटॉप ठेवले. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच.

"हा बघा ताई, हातात धरा," त्यानं पहिला पुढं केला. चंदेरी, पातळ, बोटांवर तोलला तर तोलला जाईल असा. "दिवसभर चार्जिंगची काळजी नाही. तुम्ही डोंगरात जाता म्हणता, तर तुमच्यासाठी हाच."

"आणि तो?"

"तो प्रोफेशनल. फिल्मवाले, आर्किटेक्ट वगैरे घेतात. ताकद भरपूर आहे. पण वजन बघा, चार्जर बघा. आणि जोरात काम करायला लागला की बॅटरी तासभर टिकली तरी खूप. हा टेबलावरच बरा."

चैतालीनं पाकिटातून कार्ड काढलं. "हेच फोटो दोन्हींवर चालवून बघता येतील?"

असं गिऱ्हाईक सत्यमला नवीन होतं. पण दुपारची वेळ होती, दुकान रिकामं होतं, आणि त्यालाही मजा वाटली. प्रोग्राम दोन्हींवर टाकला आणि एकदमच सुरू केला.

हलका लॅपटॉप पहिल्यांदा झपाझप निघाला. मग त्याची पाठ तापली आणि तो रेंगाळला. भारी लॅपटॉपनं पंखे असे सोडले की सत्यमनं दचकून मागं बघितलं. समोरच्या टपरीवरून चहा आला. चहा संपायच्या आत भारी लॅपटॉपवर नकाशा तयार होता, लाल ठिपक्यांसकट. हलका अजून पाव वाटेवर होता.

एका ठिपक्यावर चैतालीनं बोट ठेवलं. पिवळं जॅकेट. 

"तरी वजनाचा विचार करा," सत्यम हळू आवाजात म्हणाला.

तो विचार ती करतच होती. पथकात पाण्याच्या बाटलीचंसुद्धा वजन बघून सॅक भरायची पद्धत. मारुतीभाऊ नेहमी म्हणायचे, खाली उचलून बघू नगं, चढावर उचलून बघ. ड्रोन, त्याच्या बॅटऱ्या, दोर, पाणी, आणि त्यात हे धूड?

भागुबाई इतका वेळ खुर्चीवर बसून होत्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळं त्यांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. त्या उठल्या, चाचपडत काउंटरपाशी आल्या आणि दोन हातांत दोन लॅपटॉप घेऊन उभ्या राहिल्या. सत्यमनं घाबरून हात पुढं केले.

"ह्यातलं लवकर कुणी दावलं?"

"उजव्या हातातल्यानं."

"आन ह्याचंच तुला वझं वाटतंय व्हय?" भागुबाईंनी तो हात वर-खाली केला. "चैते, मी पोटुशी असताना ह्याच्या धा पट मोळी घेऊन बाजारात गेलेय. वझ्याला भ्यायचं न्हाई. वझं बांधायचं कसं ते शिकायचं. त्ये मी शिकवते."

चैतालीनं भारी लॅपटॉप घेतला.

घरी आल्यावर भागुबाईंनी जुन्या गोधडीचा तुकडा काढला, जाड सुईनं त्याची पिशवी शिवली आणि ती सॅकच्या आत, पाठीला लागून, अगदी वरच्या बाजूला बसवली. "वझं कमरंवर लोंबलं की माणूस मोडतंय. खांद्याच्या फऱ्यांमधी बसव. आन पट्टा छातीवर आवळ." चैताली त्या संध्याकाळी सॅक घालून तुंगार्लीच्या चढावर गेली आणि आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरवड्यानं तिला चढावर बोलता यायला लागलं.

पथकात मात्र हसू झालं. प्रितमनं पहिल्याच दिवशी सॅक उचलून बघितली आणि ओरडला, "तायडे, हे काय, जातं आणलंस?" ते नाव चिकटलंच. "जातं आलं का?" "जात्याला जागा द्या." बॅटरी टिकत नाही म्हटल्यावर तिला जोड म्हणून बॅटरीचा एक डबा न्यावा लागायचा, आणि तो आला प्रितमच्याच पाठीवर. मग त्याचं हसणं जरा कमी झालं. मारुतीभाऊ चेष्टा करायचे नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलायचा. एकदा त्यांनी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "पोरी, तू दमलीस तर तुलाच आणायला आमाला स्ट्रेचर लागंल."

"दमले तर तुमाला आधी सांगंन, भाऊ," ती म्हणाली. आणि सरावाला कधी मागं राहिली नाही.

पाऊस सरला, गवत पिवळं पडायला लागलं, तेव्हाची गोष्ट. राजमाचीच्या वाटेवरच्या एका वाडीतली धोंडाबाई लेकीकडून आपल्या घरी निघाली आणि पोचलीच नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, वाट पायाखालची. पण अलीकडं जरा विसराळू झाली होती. वाडीतल्या माणसांनी रान पालथं घातलं. सकाळी तिचा मुलगा बाजीराव याचा मारुतीभाऊंना फोन आला.

पथक कड्यावरच्या मोकळ्या सपाटीवर पोचलं तेव्हा खालची दरी ढगानं भरलेली होती. बाजीराव तिथंच उभा होता. रात्रभर हाका मारून त्याचा घसा बसला होता.

"दोर सोडा, खाली उतरा, कायतरी करा," तो म्हणत होता.

"कुटं उतरू?" मारुतीभाऊ म्हणाले. "तीन ओढं हायती खाली. एका ओढ्याला एक दिवस जाईल."

चैताली ढगाकडं बघत होती. वारा फिरला, आणि दरी फाटल्यासारखी उघडली. तिनं ड्रोन सोडला. बॅटऱ्या बदलत, एकेक ओढा घेत, झाडी उघडी पडेल तिथून ती फोटो काढत गेली. तिसरा ओढा संपत आला तोच ढग परत आला. ड्रोन उतरवला तेव्हा समोर नुसता पांढरा पडदा होता. आता दिवसभर तो हटेल असं वाटत नव्हतं.

"झालं," बाजीराव खाली बसला. "आता हे घेऊन तुमी लोणावळ्याला जाणार, मग बघणार."

"न्हाई दादा. हितंच बघणार."

तिनं सॅक उतरवली, गोधडीच्या पिशवीतून लॅपटॉप काढला आणि एका खडकावर मांडला. प्रितमनं न सांगता बॅटरीचा डबा जोडला. पंखे घोंघावायला लागले. पथकातली माणसं भोवती कोंडाळं करून उभी राहिली, वारा लागू नये म्हणून. आज कुणी चेष्टा केली नाही.

नकाशा आकाराला आला. ओढे, कातळ, झाडांचे शेंडे, आणि त्यावर लाल ठिपके. चैताली एकेक ठिपका मोठा करून बघत गेली. वेफर्सचं पाकीट. निळा प्लास्टिकचा कागद. पुन्हा पाकीट. कुणाची तरी फाटकी छत्री. पर्यटकांचा कचरा संपता संपेना. मग दुसऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक चकाकता कण. बाटली असेल म्हणून ती पुढं जाणार होती, पण थांबली. कण गोल होता.

"बाजीरावदादा, आजीकडं काय सामान होतं?"

"काय असणार? लेकीनं डबा दिलता. लाडवाचा."

"स्टीलचा?"

"व्हय."

तिनं तो फोटो शक्य तितका मोठा केला. गोल झाकण. त्याच्यापासून हातभर अंतरावर पुढं आलेला कातळ, आणि कातळाच्या सावलीतून बाहेर आलेलं, मातीच्या रंगात जवळजवळ मिसळून गेलेलं, तपकिरी लुगड्याचं टोक. आणखी दोन फोटो त्याच जागेचे होते. पहिल्यात टोक डब्याच्या डावीकडं होतं. दुसऱ्यात उजवीकडं.

चैतालीनं त्या टोकावर बोट ठेवलं.

"भाऊ, ती हलतीये."

मारुतीभाऊ गुडघ्यावर बसले. चैतालीनं नकाशा तिरका करून डोंगराचा उतार दाखवला. वरून सरळ दोर सोडला तर मध्ये सुटा मुरूम होता, दगड आजीच्याच अंगावर गेले असते. पण डावीकडून, झाडीच्या आडून, एक पट्टा कातळापर्यंत आडवा जात होता. मारुतीभाऊंनी तो बोटानं दोनदा चाचपला. "ही गुरांची वाट. मला वाटलं दरड पडून बुजली. ऱ्हायलीय की थोडी!" त्यांनी मान वर केली. "चला. चैताली, तू हितनं वॉकीवर वाट सांगत ऱ्हा. खाली आमाला हात दिसायचा न्हाई."

ढगात शिरलेल्या माणसांना ती आवाजानं नेत होती. "आता मोठं झाड लागेल, त्याच्या खालून. उजवीकडं जाऊ नका, तिकडं तुटलंय. अजून थोडं. आता हाक मारा." शेजारी बाजीराव तिच्या वॉकीकडं टक लावून बसला होता.

बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग मारुतीभाऊंचा आवाज, धाप लागलेला: "सापडली. जित्ती हाय! पाय मुरगाळलाय, गारठलीय, पण बोलतीय. बोलतीय म्हंजे, इचारतीय, एवढी माणसं कशाला आलीत, कुणाचं लगीन हाय?"

सपाटीवर जो आरडाओरडा झाला त्यानं झाडांवरची पाखरं उडाली. प्रितमनं चैतालीला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही गवतात पडली. बाजीराव हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

स्ट्रेचर वर आला तेव्हा धोंडाबाई घोंगडीत गुंडाळलेली होती आणि डबा तिनं छातीशी धरलेला होता. चैतालीनं वाकून विचारलं, "आजी, दुखतंय का?"

"दुखतंय की. पर भूक लय लागलीय. लाडू नातवाचं हायती, खाल्लं न्हाईत मी." मग तिनं डोळे बारीक करून बघितलं. "तू कुणाची गं?"

"वलवणच्या भागुबाईची."

"करवंदावाली भागू?" म्हातारीचा चेहरा उजळला. "तिची पोर व्हय तू! मंग बरोबर."

 वाडीकडं निघताना बाजीरावनं चैतालीच्या पाठीवरून सॅक काढून घेतली. पहिल्या चढावरच तो थांबला, दम घेतला, तिच्याकडं बघितलं आणि पट्टा छातीवर आवळून पुन्हा चालायला लागला.

दुपारी वाडीत पिठलं-भाकरी झाली. आजी पाय शेकत ओट्यावर बसली होती आणि जो येईल त्याला आपली हकिगत पहिल्यापासून सांगत होती. दर वेळी रात्र थोडी लांबत होती. मारुतीभाऊ ताट घेऊन चैतालीजवळ येऊन बसले.

"पुढल्या आठवड्यापासनं पथकातल्या दोघांना हे शिकव," ते म्हणाले. "तू कुटं एकटी पुरणार? आन ड्रोनचं काय करायचं, कुटं उडवायचं, ते इथनं पुढं तू ठरवायचं. मी इचारणार तुला. कळलं?"

"कळलं, भाऊ."

चैतालीनं भाकरी मोडली. कित्येक दिवसांनी ती इतकी हसत होती की घास घशाखाली उतरेना. अंगणात प्रितम वाडीतल्या बायकांना लॅपटॉप उघडून दाखवत होता, त्यांचंच गाव वरून कसं दिसतं ते. घर ओळखलं की एकेक जण ओरडत होती, आणि पाठीमागच्या म्हणत होत्या, सरक की गं, आमचं बी बघू दे.