दोन सर्जन, एक अंगठा

पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी केली की किस्से साठतातच. आमच्याकडे तुकडे टिकवायला फॉर्मॅलिन लागतं, किस्से तसेच टिकतात. हे ऐंशीच्या दशकातल्या जळगावचे.

*

धुळ्याचे मोठे सर आणि जळगावचे धाकटे सर, दोघेही सर्जन. त्वचेच्या एका दुर्मिळ कॅन्सरवरून त्यांचं हाडवैर. वरून साधी गाठ, आत मुळं पसरलेली. मोठे सर चारी बाजूंनी भरपूर कापत. धाकटे सर म्हणत, पातळ थर काढा, कडा तपासून घ्या, मगच पुढे कापा. नुसतं म्हणत, एवढंच.

*

एका मीटिंगमध्ये मोठे सर म्हणाले, "माझा एकही पेशंट पुन्हा गाठ घेऊन आला नाही."

मी म्हटलं, "कसे येतील? ते धाकट्या सरांकडे जातात."

धाकटे सर खूश. "आणि तुमचे धुळ्याला," मी म्हटलं. त्या दिवशी चहा फार लवकर आला!

*

मग धाकट्या सरांची एक बरणी आली. आत उजव्या हातावरच्या, अंगठ्याजवळच्या गाठीचा गोल तुकडा. एका कडेला कॅन्सर उरलेला. कुठली कड, हे कळायला सर्जननं एका बाजूला दोऱ्याचा टाका घालायचा असतो. टाकाच नाही. फोन केला तर म्हणे, "मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही का?"

*

तो हात धरणगावच्या रशीदचाचांचा, म्हणजे शिंप्याचा. मोठे सर म्हणाले, अंगठ्यासकट काढा. धाकटे म्हणाले, अजून एक थर बघू. तासभर इंग्रजीत भांडले, चाचांचा हात मध्ये टेबलावर. शेवटी चाचांनी तो उचलून घेतला. "आंगठा मना शे, साहेब, तुमना नही."

बाहेर येऊन, आतल्या दोघांकडे बोट दाखवत मला विचारलं, "बाई, कोन्ती बाजू ते यास्ले माहीत नही का?"

मी टाक्याचं खरं ते सांगितलं. त्या दोघांची मला अजून चीड येते.

*

दुसऱ्या ऑपरेशनला नुसता हात बधिर केला होता, चाचा जागे. धाकट्या सरांनी थर काढला, मोठे सर चुका काढायला हजर. यावेळी तुकड्यावर अंगठ्याच्या बाजूला टाका होता, सुबक गाठ मारलेला. कॅन्सर उरला होता, पण मनगटाच्या कडेला. तेवढंच पुन्हा काढलं. अंगठा वाचला.

दोघे शेवटचा रिपोर्ट न्यायला आले, तेव्हा मी कौतुकानं विचारलं, "टाका कोणी घातला?"

दोघेही खिडकीबाहेर बघू लागले. सोबत आलेली ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणाली, "चाचांनी. डाव्या हातानं."