जयवंतीकाकूंची पानवेल

आगाशीकडे कुणाच्याही पानवेलीत पाय टाकायचा तर आधी वहाणा बांधावर काढायच्या. हे कुणी शिकवत नाही, पोरं आपोआप शिकतात. देवळात एखादा विसरेल, वेलीत विसरायचा नाही. मामलेदार आला तरी अनवाणी, पाद्री आला तरी अनवाणी. वेल नाजूक असते आणि मानी असते, बाहेरची घाण तिला सोसत नाही, एवढं कारण आम्हाला पुरतं.

जयवंतीकाकूंची गोष्ट या बांधावरच सुरू होते आणि इथेच येऊन थांबते.

काकू मूळच्या केळव्याच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या वर, ओल्या फडक्यात गुंडाळलेले माहेरच्या वेलीचे दांडे होते. सासूने नाक मुरडलं. "आमच्याकडे काय वेली नाहीत? नवरीने कधी झाडपाला आणलाय का?" नवी सून काय बोलणार! पण त्यांनी विहिरीजवळच्या तुकड्यात पांगाऱ्याच्या आधाराला दांडे लावले आणि तान्ह्या पोरासारखे जपले. पुढे त्या तुकड्यातलं पान असं निघालं की तीच सासू आल्यागेल्याला विडा पुढे करून म्हणायला लागली, "आमच्या सुनेचं पान आहे हो, खाऊन तर बघा." शेजारचा ऑगस्टीन आणि त्याची बायको रोझलीन यांची वाडीसुद्धा काकूंनी दिलेल्या दांड्यांवरच उभी राहिली. मागायला आलेल्याला काकूंनी कधी नाही म्हटलं नाही.

नवरा विद्याधरभाऊ. माणूस सोन्यासारखा, पण घरसंसाराच्या नावाने आनंदच होता. बेचाळीस साली चळवळीत पडले ते थेट येरवड्याला. सासरे अंथरुणाला खिळलेले, पोरं लहान. घर चाललं ते वेलीवर. काकू उजाडायच्या आत पानं खुडायच्या, केळीच्या पानांत रचून करंड्या बांधायच्या, आणि त्या करंड्या गाडीत बसून पार लाहोर-पेशावरला जायच्या. काकूंनी स्वतः मुंबईसुद्धा धड पाहिलेली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मी नाही गेले तर काय झालं, माझं पान गेलंय की!"

भाऊ सुटले, पुढे स्वातंत्र्य आलं. आता काहीतरी पदरात पडेल असं चारचौघांना वाटलं, तर हे गृहस्थ जाऊन बसले विरोधी पक्षात! आणि बावन्नच्या निवडणुकीत आमच्या लोकांनी त्यांना निवडून दिल्लीला पाठवलंही. तेव्हापासून लोकसभेत जे बोलायचं ते भाऊ आधी वेलीत फिरत काकूंना बोलून दाखवायचे. काकू पानं खुडायच्या आणि भाऊ कोरियाबद्दल बोलायचे. खाडीच्या बांधांबद्दल, मिठागरातल्या मजुरांबद्दल, चौकशीशिवाय माणसाला तुरुंगात डांबणाऱ्या कायद्याबद्दल. त्या कायद्यावर बोलताना त्यांचा आवाज चढायचा.

"हळू!" काकू दटावायच्या. "वेलीत ओरडू नये. आणि अहो, ते लांबलचक वाक्य कापा. माझी करंडी भरली, तुमचं वाक्य अजून चाललंय."

भाऊ हसायचे आणि वाक्य खरंच कापायचे. त्यांची भाषणं लोकांना का समजायची ते दिल्लीतल्या कुणाला माहीत असणार?

पण फाळणीनंतर पानाचा धंदा बसत चालला होता. लाहोर परक्या मुलखात गेलं. कधी गाडी चालू, कधी बंद. कधी त्यांचा परवाना नाही, कधी आपला. दोन सरकारांचं वाजलं की आमची करंडी स्टेशनावरच सडायची. त्रेपन्नच्या सुमाराला तर सगळंच ठप्प झालं. रोझलीन सडक्या पानांचा ढीग खड्ड्यात लोटताना शिव्या घालायची, कुणाला ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. ऑगस्टीन मुंबईला गोदीत हमालीला जायचं म्हणत होता.

अशात लोकसभेत परराष्ट्र धोरणावर चर्चा निघाली आणि भाऊंना बोलायला वेळ मिळाला. ते म्हणाले, "कोरियात शांतता नांदावी म्हणून आपण जगभर शब्द टाकतो. चांगलं करतो. मग शेजारच्या लाहोरला पानाची करंडी जावी म्हणून एक शब्द का टाकत नाही? भांडण सरकारांचं आहे. विडा खाणाऱ्याचं आणि पान पिकवणाऱ्याचं काय भांडण आहे?" सभागृह ऐकत होतं. तेवढ्यात समोरच्या बाकावरून एक सभासद उठला आणि अगदी गोड आवाजात विचारता झाला, "सन्माननीय सभासदांची स्वतःची पानवेल आहे काय?"

भाऊंना खोटं बोलता यायचं नाही. "आहे," म्हणाले.

झालं! सगळीकडे हशा पिकला. पुढचं भाषण त्या हशात वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने 'पानवाल्यांचे परराष्ट्र धोरण' असा मथळा दिला. भाऊ घरी आले ते तोंड पाडून.

वेलीतच दोघांचं बोलणं झालं. "मी बोललो ते खरं होतं," भाऊ म्हणाले. "पण त्यांना वाटलं, हा आपल्या घरासाठीच बोलतोय. आता वेल आहे तोवर मी शंभरदा बोललो तरी तेच वाटणार."

"मग वेल धाकट्या भावजींच्या नावावर करा. सगळे तसंच करतात."

"सगळे करतात म्हणून तर कुणाचं कुणी ऐकत नाही."

"विका मग."

"पान जात नाही, घेणार कोण? आणि घेतलीच कुणी, तर मी आतून वाटेकरी आहे म्हणतील." भाऊ म्हणाले. "माझ्या मनात काय आहे ते तुला कळलंय. पण वेल तुझी आहे. तुरुंगात मी होतो, पोरं तू जगवलीस. तू नको म्हणालीस तर मी लाहोरचा विषय सोडून देईन आणि पुन्हा काढणार नाही. दुसऱ्या विषयांवर बोलेन, ते काय कमी आहेत?"

काकूंचं डोकंच फिरलं. "वा! म्हणजे पाप माझ्या माथी! तुरुंगात गेलात तेव्हा विचारलंत का मला? निवडणुकीला उभे राहिलात तेव्हा विचारलंत का? आणि आता विचारताय!" आणि तरातरा घरात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बांधावर उभ्या होत्या. पलीकडे ऑगस्टीनच्या अंगणात रोझलीन नवऱ्याचं गाठोडं बांधत होती. गोदीत जायचं नक्की झालं होतं. पोरगी बापाच्या पायाला मिठी मारून बसली होती. रोझलीनचं लक्ष काकूंकडे गेलं आणि तिने मान फिरवली. काही मागितलं असतं तर काकूंना सोपं गेलं असतं. ती बापडी गाठोड्याची गाठ आवळत राहिली.

काकूंनी वहाणा काढल्या, वेलीत गेल्या, आणि विहिरीजवळची पहिली वेल, केळव्याहून आणलेली, बुंध्याशी दोन्ही हातांनी धरून ओढली. मूळ खोल होतं, सहज येईना. भाऊ धावत आले.

"हात लावू नका," काकू म्हणाल्या. "ही माझी आहे."

दुपारपर्यंत तो तुकडा मोकळा झाला. मग बाकीच्याला गडी लागले. काकूंच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नाही. उपटलेल्या वेलींचे चांगले दांडे तेवढे त्यांनी निवडून ज्याला हवे त्याला देऊन टाकले. "पण मोकळ्या जागी दुसरं काही लावायचं नाही," त्यांनी भाऊंना बजावलं. "तुमची खासदारकी संपली की मी पुन्हा वेल लावणार. लिहून ठेवा."

"हरलो की लगेच लावू," भाऊ म्हणाले. "शब्द दिला."

पुढच्या अधिवेशनात भाऊ पुन्हा उठले, तेच बोलले. आणि तोच प्रश्न पुन्हा आला, पानवेल आहे काय?

"होती," भाऊ म्हणाले. "माझ्या पत्नीने तिच्या हातांनी उपटली. आता विचारा काय विचारायचं ते."

कुणी हसलं नाही म्हणतात. त्यानंतर भाऊंनी तो विषय धरूनच ठेवला. प्रश्न विचारले, अर्ज केले, मंत्र्यांच्या दारात ताटकळले. गोव्यावर बोलायला उठले तरी शेवटी गाडी लाहोरच्या करंडीवर यायचीच. सभापती म्हणे हसू दाबायचे. अखेर दोन्ही सरकारांचं काहीतरी जमलं, थोडे का होईना परवाने सुटले. आगाशीच्या करंड्या पुन्हा गाडीत चढल्या. ऑगस्टीन गोदी सोडून घरी आला. काकूंच्या दांड्यांची नवी वेल त्याच्या वाडीत खांद्याच्या वर गेली होती.

आणि सत्कार कुणाचा झाला? मुंबईच्या एका मंत्र्याचा! ज्याचा या कामाशी काडीचा संबंध नव्हता. कमान काय, बाजा काय, आणि गळ्यात हार घालायला पुढे कोण, तर आमचा ऑगस्टीन! परवाने मंत्र्यांच्या सहीने सुटतात, पुढेही सुटायला हवेत, त्याला तरी काय करणार? पण काकूंना हे कसं पटावं? त्यांनी ऑगस्टीनशी बोलणंच टाकलं. रोझलीनने मासळी पाठवली तर टोपली झाकली तशी परत केली.

रोज सकाळी मात्र काकू त्या ओसाड तुकड्यात फेरी मारायच्या, विहिरीपर्यंत जाऊन यायच्या. आणि जाताना वहाणा बांधावर काढायच्या! बाया हसायच्या. कमळी म्हणून मासळी विकणारी होती, तोंडाची फाटकी, ती एकदा म्हणाली, "काकी, तिथं काय हाय म्हनून वहाना काढता? गवताला सोवळं लागतं का?" काकू तशाच अनवाणी विहिरीकडे चालू लागल्या.

सत्तावनची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं खरं, पण समोरचा उमेदवार पैसेवाला होता आणि परवाने त्याच्या पक्षाच्या हातात होते. भाऊ कामणपासून आचोळ्यापर्यंत चिखल तुडवत फिरले. घरी आले की म्हणायचे, "या वेळी कठीण दिसतंय. तू दांडे बघून ठेव." काकूंनी खरंच बघून ठेवले. केळव्याला भावाला निरोपही धाडला.

मतदानाच्या दिवशी काकू पडद्याआड गेल्या. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. आत माणूस एकटा. काकू किती वेळ उभ्या राहिल्या कोण जाणे, बाहेरून अधिकारी म्हणाला, "बाई, आटपा." हातात चिठ्ठी, समोर नवऱ्याची पेटी, शेजारी दुसऱ्याची. त्या पेटीत चिठ्ठी गेली तर माझी वेल परत येईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. कुणाला कळणार होतं? आणि मग त्यांना ते वेलीतलं भाषण आठवलं, चौकशीशिवाय डांबलेल्या माणसांचं, आवाज चढलेलं. हे दिल्लीत नसले तर ते कोण बोलणार? काकूंनी चिठ्ठी नवऱ्याच्या पेटीत टाकली आणि पदराने तोंड पुसत बाहेर आल्या. पुढे कितीतरी वर्षांनी हे त्यांनी फक्त रोझलीनला सांगितलं.

भाऊ निवडून आले.

निकालाचा निरोप आला तेव्हा काकू बांधावर बसल्या होत्या. म्हणजे आणखी पाच वर्षं! आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच्या खाली कुठेतरी तुटलं. वहाणा शेजारी काढलेल्या. समोर गवत.

तेवढ्यात वाजतगाजत मिरवणूक आली. पुढे बाजावाला, मागे गुलालाने लाल झालेली माणसं, आणि त्यात ऑगस्टीन, रोझलीन, सगळे पानवाले. मत कुणाला द्यायचं ते त्यांना बरोबर कळलं होतं तर! घराकडे जायची जवळची वाट त्या मोकळ्या तुकड्यातूनच होती. बाजावाला लांबचा, तुळिंजचा. तो बुटांसकट पुढे निघाला.

"थांब!" ऑगस्टीन ओरडला. "बूट काढ अगोदर."

बाजा बंद पडला. "का? इथं काय आहे?"

"आमच्या वयनींची वेल हाय."

"कुठाय वेल? नुसतं गवत तर आहे."

ऑगस्टीनने वाकून स्वतःच्या वहाणा काढल्या आणि काकूंच्या वहाणांशेजारी नीट ठेवल्या. मग रोझलीनने काढल्या. मग सगळ्यांनी, एकामागून एक. ती तोंडाची फाटकी कमळी उभा जन्म अनवाणी हिंडलेली, तिला काढायला काही नव्हतं, तिने पायच गवताला पुसले. हातात बूट धरून बाजावालाही मागोमाग आला. कुणी वाजवलं नाही, कुणी ओरडलं नाही. वेलीत चालतात तशी सगळी माणसं जपून पावलं टाकत त्या गवतातून गेली.

वेल उपटताना जिच्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता, ती बाई तिथेच बांधावर बसून ढसाढसा रडली.