पलीकडच्या काठावरची निस्तारिणी

गावात कुणी अंथरुणाला खिळलं की आधी नीलांबर कविराजाला, म्हणजे वैद्याला, बोलावत आणि मागोमाग निस्तारिणीला. कविराज नाडी धरून डोळे मिटायचा, यमाच्या कचेरीत रोजची ऊठबस असल्यासारखा चेहरा करायचा आणि म्हणायचा, "न्या आता." न्या म्हणजे शेवटचा श्वास घ्यायला गंगेवर न्या. पुढचं निस्तारिणी बघायची. घाटावरच्या झोपडीत माणसाला कसं निजवायचं, पाय पाण्यात केव्हा सोडायचे, शेवटचं गंगाजळ कसं पाजायचं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बालपणीच कपाळ पांढरं झालेल्या बाईला मान मिळायची गावात ही एकच जागा होती. तो मान तिला आवडायचा. कशाला खोटं बोला, चांगलाच आवडायचा.

आश्विनात तिच्या धाकट्या भावाला, सृष्टिधरला, ताप भरला. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली तेव्हापासून त्याला आणि त्याच्या लेकीला, कातूला, निस्तारिणीनेच सांभाळलं होतं. कातूचं लग्न नुकतंच ठरलं होतं, तेही मोठ्या कुळात. घरात आनंद मावत नव्हता आणि त्यातच हे. कविराजाने नाडी धरली, डोळे मिटले.

"न्या आता."

"नीट बघितलंत ना?" निस्तारिणीने विचारलं. आजवर तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"का? तुझा भाऊ म्हणून नाडी निराळी चालते की काय?" कविराज उखडला.

नेलं. पण सृष्टिधर काही मरेना. नदीवरचा वारा लागला, दरदरून घाम फुटला आणि एका दुपारी त्याने टक्क डोळे उघडले.

"दीदी, माशाचं कालवण कर ना. आणि भात मऊ."

घाटावर आणलेली माणसं कधीकधी खायला मागायची, हे निस्तारिणीला नवं नव्हतं. 'वात झालाय, बरळतोय,' असं ती नातेवाइकांना सांगायची आणि तोंडात गंगाजळ ओतायची. मागे आणलेली एक म्हातारी मुरमुरे मागत होती. तिने तर गंगाजळ पाजणारा निस्तारिणीचा हात झिडकारला होता. यातल्या किती जणांना खरोखरच भूक लागली होती? भर उन्हात निस्तारिणीला थंडी वाजून आली.

तेवढ्यात थोरला भाऊ जगबंधु झोपडीत डोकावला.

"अजून आहे?"

"ताप उतरलाय, दादा. जेवायला मागतोय."

"हळू बोल!" जगबंधुने मागे वळून पाहिलं. "गंगेवर आणलेला माणूस परत घरात घेतला तर काय होतं, ते मी तुला सांगू? तूच सगळ्या गावाला सांगत फिरतेस. आपल्या घरचं पाणी कुणी पिणार नाही. कातूचं लग्न तर आजच मोडलं समज."

"मग मी काय करू?"

"नेहमी करतेस तेच. भरती येतेय. त्याला खाली घे आणि पाय पाण्यात सोड."

एवढं बोलून तो वडाखाली जाऊन बसला. झोपडीकडे पाठ करून बसला, हे विशेष.

सृष्टिधरने सगळं ऐकलं होतं. त्याने कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"दीदी, कर तू. मी तुझ्याकडे बघत नाही म्हणजे तुला जड जाणार नाही."

"गप बस, गाढवा!" निस्तारिणी ओरडली आणि ढसाढसा रडू लागली. आजवर एवढी मरणं पाहिली, पण घाटावर ती कधी रडली नव्हती.

डोळे पुसून ती बाहेर आली आणि एका कोळ्याला तिने हाक मारली. समोरच्या काठावर एक वस्ती होती. गंगेवर नेऊनही न मेलेली माणसं तिथे राहायची. तिकडे बोट दाखवायलाही लोक कचरायचे. कोळ्याने देवाचं नाव घेत होडी लावली. भावाला खांद्याचा आधार देऊन ती निघाली तेव्हा जगबंधु धावत आला.

"अगं, तू कुठे चाललीस?"

"त्याला जेवायला कोण घालील? तू?"

"त्याच्या हातचं पाणी प्यायलीस की तूही आम्हाला मेलीस!"

"मग जाळायला दोन पुतळे कर."

जगबंधुने तसंच केलं. अलीकडच्या घाटावर प्रेतांच्या जागी कुशाच्या गवताचे दोन पुतळे पेटले. भाऊबहीण पलीकडून बघत होती.

"डावीकडचा मी असणार," सृष्टिधर म्हणाला. "पोट सुटलंय त्याचं."

निस्तारिणीला हसू आलं नाही. धूर पाण्यावरून सरळ त्यांच्याच दिशेने येत होता.

त्या वस्तीत निस्तारिणीला कुणी काही विचारत नसे. तिने घाटावर पोचवलेली दोन माणसंही तिथे होती. ती तिला बघून नुसती वाट सोडत. विधवा बाई, तिला मासळी वर्ज्य, पण भावासाठी ती मासे साफ करायला शिकली. आपण त्याला वाचवला की त्याची लेक हिरावली, याचा हिशेब मात्र तिला लागत नव्हता.

बाप मेला म्हणून धरलेला वर्षाचा दुखवटा सरला आणि त्यानंतरच्या फाल्गुनात कातूचं लग्न लागलं. सासरची नाव वस्तीवरूनच जाणार होती. सृष्टिधर पहाटेपासून काठावर होता.

"डोळे भरून बघ, पण तोंड उघडायचं नाही," निस्तारिणीने बजावलं. "तू मेला नाहीस, हे वरपक्षाच्याही कानावर गेलं असेलच. पण कातूने ओळख दाखवली की संपलं. तिला दारातून परत पाठवतील."

सृष्टिधर शहाण्यासारखा गप्प राहिला. हाक आली ती नावेतून.

"बाबा! आत्या!"

नवरीने पदर मागे टाकला होता आणि ती उभी राहिली होती. नावेतली माणसं वळली. एका म्हाताऱ्याने खणखणीत आवाजात विचारलं, "सूनबाई, कोण ती माणसं? ओळखता तुम्ही?" कातूने उत्तर द्यायला तोंड उघडलं, इकडे सृष्टिधर दोन्ही हात वर करून उठला.

त्याला मागे ढकलून निस्तारिणी गुडघाभर पाण्यात शिरली.

"कुणाला गं हाका मारतेस, पोरी?" ती ओरडली. "आम्ही गंगेवर मेलेली माणसं. आम्हाला लेकीबाळी नाहीत. परत हाक मारलीस तर मागे लागू, सांगून ठेवते!"

नावाड्यांची पाचावर धारण बसली. हरिनामाचा गजर करत त्यांनी वल्ही मारली. कातू आत्याकडे बघत राहिली. जिने तिला बोलायला शिकवलं ती हीच का, हे ताडून बघत असल्यासारखी. मग ती खाली बसली, तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि पुन्हा हाक मारली नाही.