निवृत्तीमामांची कोरफड

निवृत्तीमामांनी पहिल्या भेटीत माझं नावसुद्धा विचारलं नाही. निलंग्याला आमच्या शेजारच्या घरात ते नुकतेच राहायला आले होते. मी शाळेतून येऊन स्कूटी लावत होते. कुंपणापलीकडून त्यांनी माझा चेहरा न्याहाळला आणि म्हणाले, "गालावर वांग येऊन राहिलेत, बाई. थांबा." मग कोरफडीचं एक जाडजूड पान कापून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. शेजारधर्माची इतकी आपुलकीची सुरुवात मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, मामा कोरफडीला लागले. अंगणात, गच्चीवर, तेलाच्या रिकाम्या डब्यांत, फुटक्या वॉशबेसिनमध्ये, जिथे मूठभर माती राहील तिथे कोरफड. त्यांच्या मते जगात दोनच रोग होते. एक कोरफड न घेतल्यामुळे होणारा आणि दुसरा ती कमी घेतल्यामुळे होणारा. केस गळतात? कोरफड. पोट साफ नाही? कोरफड. सुनेशी पटत नाही? "सासू-सुना दोघींना रस द्या. पोटातली गरमी गेली की डोक्यातली जाती."

खोटं कशाला बोलू, उपयोगही व्हायचा. एकदा भजी तळताना माझ्या मनगटावर तेल उडालं. मामांनी आधी नळाखाली हात धरायला लावला, मग पान चिरून आतला थंडगार गर लावला. आग शांत झाली. मामींचे केसही त्या वयात काळेभोर आणि दाट होते. मामा त्यांना पाठमोरं उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्याला केस दाखवायचे. मामी बिचाऱ्या भिंतीकडे तोंड करून, "झालं का बघून?" एवढंच विचारायच्या.

एका सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्या समस्त मंडळींना मामांनी फुकट रस पाजला. पानातला पिवळा चीक निथळून टाकायचा असतो, हे ज्ञान तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. फिरायला आलेली मंडळी पळत घरी गेली. संध्याकाळी ती तक्रार घेऊन आली, तर मामा प्रसन्न. "शरीरातली घाण निघून राहिली. लई चांगलं लक्षण हाय!"

पुढे मामींना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मामांनी त्या बंद करून रस सुरू केला. पुढच्या तपासणीत मामींची शुगर खाली आली आणि मामांचे पाय जमिनीवर राहिनात. रिपोर्ट खिशात घालून ते गल्लीभर फिरले. "बघा! गोळी न्हाई, सुई न्हाई. बिलकुल नॅचरल!"

माझ्या वडिलांना, अण्णांना, शुगरचा जुना त्रास. मी शाळेत गेले की मामा त्यांना सोबत करायचे. अण्णांनी गुपचूप गोळ्या सोडल्या आणि मामांचा रस धरला. शिक्षिका मुलीचं ऐकायचं नाही आणि कंडक्टरचं ऐकायचं, हा त्यांच्या स्वभावाचा भागच होता. एका दुपारी मी घरी आले तर अण्णा कॉटजवळ पडलेले, जीभ जड, मला ओळखेनात. गाडी करून लातूरला नेलं. शुगर भयंकर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मामा-मामी डबा घेऊन दवाखान्यात आले. मी मामांवर तुटून पडले. मामा चाचरत म्हणाले, "पण बाई, हिला तर गुण आला..."

मामींनी डबा बाकावर ठेवला. "मला गोळीनं गुण आला. तुम्ही पानं कापायला गच्चीवर गेलात की मी गोळी घेत होते. रोज."

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"किती खूश झाला होता तुम्ही. तोंडच उघडलं न्हाई माझं."

मामा बाकावर बसून राहिले. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्याकडे इलाज नव्हता.

निलंग्याला परतल्यावर मामा गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले. "कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर आजच डॉक्टरकडं जा. रस केसाला लावा, भाजल्यावर लावा. पोटात घ्यायचा तर डॉक्टरला इचारून. मी चुकलो." लोकांनी अर्थातच संधी सोडली नाही. मैदानावरची मंडळी तर विचारायची, "मामा, आज घाण काढणार न्हाई का?" मामा मान खाली घालायचे आणि पुढचं दार वाजवायचे.

अण्णा घरी आल्यावर मामा आमच्या उंबऱ्याशी घुटमळत उभे राहिले. अण्णांनी आतून आवाज दिला, "या की. पण येताना चहा सांगा. तुमच्या त्या रसाला चव लई बेकार होती." मामा आत आले, अण्णांचे पाय धरून लहान पोरासारखे रडले. अण्णा त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मी चहा ठेवायला आत गेले.

तेव्हापासून मामींची गोळी मामा स्वतः देऊ लागले. ओसरीवर बसवून, पाण्याचा तांब्या हातात देऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा कंडक्टरी आवाजात विचारायचे, "गिळली का? आ कर. जीभ वर कर." मामी लाजून, चिडून आ करायच्या. गोळी एवढीशी आणि बंदोबस्त निवडणुकीचा!

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले. मी सकाळी जाऊन मामींजवळ बसायचे. एकदा त्यांनी माझ्यासमोर गोळी गिळली, तांब्या खाली ठेवला आणि मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तोंड उघडलं. लगेच मिटलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सवय लावून गेला बघ, बाई. लई जीव खाल्ला ह्या माणसानं."