नारळ गडाला, सीताफळ आईला

"ओ टोपीवाले! हलू नका! उचलला पाय तसाच ठिवा! पुढं टाकला तं गेले तुम्ही खाली!"

आवाज बाईचा होता, आणि असा होता की माझ्या दुकानातली दहा एचपीची मोटार त्याच्यापुढं कुजबुजली असती. मी पाय हवेत धरून उभा राहिलो. पहाटेचं धुकं, माहूरचा किल्ला, तटाची पडकी भिंत, आणि त्या भिंतीवर पन्नाशी उलटलेला मी, एका पायावर, बगळ्यासारखा. हातातली ओटीची पिशवी तेवढी कलली. तिच्यातून नारळ सुटला, समोरच्या हिरव्यागार गवतावर पडला आणि गवतातून आरपार गेला. जिथं मी पाय ठेवणार होतो तिथं जमीन नव्हतीच. तट केव्हाचा ढासळलेला, वरून नुसतं गवत आडवं पडलेलं. नारळ फुटल्याचा आवाज खालून आला. दुकानात सांगताना मी त्या आवाजाला दोन मिनिटं लावतो. पण इथं माहूरच्या आईच्या नावानं लिहितोय म्हणून खरं सांगतो. मी दोन श्वास घेतले, तिसरा घ्यायची हिंमत होत नव्हती, तेवढ्यात आवाज आला.

मी तिथं कसा पोचलो हे सांगायचं तर आधी मी किती बाता मारतो ते सांगावं लागेल. चाकूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी मी भरून देतो. माझ्या हातून भरलेल्या एका मोटारीनं आमच्या विहिरीचं पाणी संपवून शेजारच्या गावच्या विहिरीचं ओढायला सुरुवात केली होती, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलोय. लोकांना ते खोटं आहे हे माहीत आहे, तरी ते चहा मागवून पुन्हा ऐकतात. दुकानात येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मोटारी चांगल्या असतात.

तर गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळींच्या गळ्याला गाठ आली. आधी आवळ्याएवढी, मग लिंबाएवढी. लातूरच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, काढून तपासायला पाठवू, मग बोलू. डॉक्टर "मग बोलू" म्हणाले की माझ्यासारख्या बोलघेवड्याचंही तोंड बंद होतं. ही मात्र शांत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "माहूरच्या आईचा तांबूल तोंडात पडल्याबिगर मी त्या टेबलावर झोपनार न्हाई. तुम्ही जा. ओटी भरा, तांबूल आना." माहूरला रेणुकामातेला विडा कुटून खाऊ घालतात. आईच्या मुखातला तो तांबूल म्हणजे तिथला प्रसाद. हिच्या माहेरी बाळंतपणापासून परीक्षेपर्यंत सगळ्यावर तोच उपाय.

मी निघालो. नांदेडच्या स्टँडवर उतरलो आणि तिथं माझे पाय थिजले. आईसमोर उभं राहून मागायचं काय? मागितलं आणि तिनं दिलं नाही तर? न मागता परत गेलो तर निदान नाही म्हटल्याचं ऐकावं तरी लागणार नाही, असा माझा उलटा हिशेब. शेंगा विकणाऱ्या एकाला विहिरीची बात सांगता सांगता माहूरची गाडी गेली. दुसरी लागली, तीही माझ्या डोळ्यांदेखत गेली. संध्याकाळी मी एका पानपट्टीवर गेलो, पाच विडे लावून घेतले, खलबत्त्यात कुटून घेतले आणि स्टीलच्या डब्यात भरून घरी आलो.

आणि काय सांगू, त्या रात्री मी आयुष्यातली सगळ्यात देखणी बात मारली. पायऱ्या सातशे सांगितल्या, वाटेत माकडानं माझी एक चप्पल नेऊन दुसऱ्या खेपेला परत आणून दिली म्हणालो, आणि आईची नथ माझ्याकडं बघून हलली हेही सांगितलं. ही हात जोडून ऐकत होती. मग तिनं डब्यातला चिमूटभर तांबूल डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून, हळूहळू चघळला. माझ्या बातेवर लोक हसले की मला बरं वाटतं. त्या रात्री ती हसली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो.

गाठ काढली. तपासणीचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कोनाड्यातला तो डबा रोज माझ्याकडं बघायचा. शेवटी दिवाळीनंतर, रिपोर्टच्या आदल्या दिवशी, मी उठलो आणि हिला म्हणालो, "नांदेडला तांब्याची तार आणायला जातो." म्हणजे खरं करायला निघालो तेही खोटं सांगूनच.

माहूरला पोचेपर्यंत अंधारलं होतं. धर्मशाळेत शिरूर अनंतपाळचं एक कुटुंब उतरलं होतं, पहिल्यांदाच आलेलं. त्यातले आजोबा म्हणाले, "पाव्हनं, वाट माहीत हाय का वरची?" आता माझा स्वभाव! मी म्हणालो, "अकरा वेळा आलोय. डोळ्याला पट्टी बांधून नेतो." खरं म्हणजे मी लहानपणी एकदाच आलो होतो, वडिलांच्या खांद्यावर. "मग पहाटे आमाला बी घेऊन चला," म्हातारा खूश. मी म्हणालो, माझी वेळ लई लवकरची, तुमची लेकरं उठायची नाहीत.

पहाटे मी बाहेर पडलो तर ते सगळे माझ्याआधी उठून, अंघोळी करून, रस्त्यावर माझीच वाट बघत उभे! लेकरंसुद्धा. मी मागच्या गल्लीनं सटकलो. एका फाट्यावर दुकानांचे दिवे दिसत होते, माणसं चालली होती. वाट तीच, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण त्या दिव्यांखाली आजोबांचा पांढरा पटका दिसला आणि मी दुसरी वाट धरली. वर जाऊन मिळतच असेल, असं म्हणत मोबाईलच्या उजेडात चढत राहिलो. ती वाट देवळाकडं जात नव्हती. ती मला किल्ल्यात घेऊन गेली.

आणि आता जे पाहिलं ते मी कधी दुकानात नीट सांगू शकलो नाही, कारण त्यात वाढवायला जागाच नाही. धुक्यातून आधी एक दरवाजा आला. केवढा! हत्ती त्याच्यावरच्या अंबारीसकट, छत्र न मिटता जाईल असा. एकेक दगड मी बोलेरोएवढा सांगतो, इथं कमी करून ट्रॅक्टरच्या चाकाएवढा म्हणतो. दोन दगडांच्या मध्ये माझ्या नखाचं टोकसुद्धा जाईना. मी मोटारीत तारेचे वेढे घालणारा माणूस, वेढ्याला वेढा कसा चिकटवायचा हे मला कळतं. ज्यानं ते दगड बसवले त्याच्यापुढं मी मनातल्या मनात कान धरले. आत गेलो तर वाड्यांच्या भिंती उभ्या, पण छप्पर नाही. राजाच्या दालनात आता आभाळ उतरलेलं. कमानीवर सीताफळीची झाडं उगवलेली. तळ्यावर धुकं असं बसलेलं की कुणी पांढरं घोंगडं अंथरून उठून गेलंय. मग पोपट उठले. एक, दहा, शंभर. मोजणं सोडून दिलं. पूर्वेला तांबडं फुटलं आणि पडक्या बुरुजांच्या कडा पेटल्यासारख्या झाल्या. एवढं सगळं इथं इतकी शतकं रोज पहाटे होतंय, कुणी बघो न बघो, आणि मी चाकुरात बसून विहिरीच्या बाता मारतोय! मला हसू आलं आणि मग एकाएकी रडू आलं.

तेवढ्यात दरीपलीकडं आईच्या डोंगरावरचे दिवे दिसले. घंटाही ऐकू आली. मी तटावर चढलो आणि डोळे त्या दिव्यांवर ठेवून सरळ निघालो. पुढचं सांगितलंच आहे.

ओरडणारी बाई साठीच्या पुढची होती. काटकुळी, कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर सीताफळांची पाटी. तिनं मला दंडाला धरून मागं ओढलं आणि खाली बसवलं.

"कोन्तं गाव?"

"चाकूर."

"चाकुरात काय समदे डोळे मिटूनच चालतेत? इथं म्हशी बी पाय टाकत न्हाईत. आईकडं जायचं तं किल्ल्यात काय करून राहिले?"

मी तोंड उघडलं. सवयीनं एक झकास बात जिभेवर आलीसुद्धा, मी म्हणे इतिहास संशोधक! पण खालून आलेला नारळाचा आवाज अजून कानात होता. बात तोंडातून निघेना. निघालं ते सगळं खरं. गाठ, नांदेडचा स्टँड, पानपट्टी, आजोबांचा पटका. मी आयुष्यात एवढा वेळ न वाढवता कधी बोललो नव्हतो.

म्हातारी आधी खदाखदा हसली. "पानपट्टीवरला तांबूल! अगं माय माय! अन् बाईनं खाल्ला?"

"डोळ्यांना लावून खाल्ला."

ती हसायची थांबली. मग पाटी सावरत उठली. "चाला मंग, उठा. बसून काय व्हतंय?"

"ओटीतला नारळ गेला, माय."

"जाऊ द्या. नारळ गडानं घेतला." तिनं पाटीतलं एक सीताफळ निवडलं, दाबून पाहिलं, ठेवलं, दुसरं घेतलं. "हे घाला ओटीत. डोळं उघडलेलं हाय, दोन दिसांत पिकंल. आईला समदं चालते."

तिनं मला दरवाजातून बाहेर आणलं आणि खालची पायवाट दाखवली. आता माझ्यासारख्याला इथं केवढी संधी होती! मी वळून पाहिलं तर म्हातारी अदृश्य, असं लिहिलं असतं तर चार जणांनी हात जोडले असते. पण मी वळून पाहिलं तेव्हा ती तिथंच होती. कमरेत वाकून काट्यात हात घालत होती आणि कुणा दुसरीला हाका मारत होती. आई कशी येते हे मला माहीत नाही. माझ्याकडं आली ती कामावर निघालेली होती, आणि मला वाटेला लावून पुन्हा कामाला लागली. त्यानंच मला जास्त भरून आलं.

पायऱ्या मी मोजल्या नाहीत. सातशे नाहीत, एवढं खरं. आईचं ते भलंमोठं शेंदरी मुख समोर आलं आणि काय मागायचं ठरवलं होतं ते सगळं गेलं. ओटी ठेवली. नारळाच्या जागी सीताफळ बघून पुजाऱ्यांनी भुवई उचलली, पण ओटी घेतली. मी एवढंच म्हणालो, "आई, मी आलो." मागून रांगेतून ओळखीचा आवाज आला, "ते बगा अकरा वेळावालं पाव्हनं! कुठं व्हते हो?" मी आजोबांचे पाय धरले आणि सांगितलं, "वाट चुकलो होतो, आजोबा. मला वाट माहीतच नव्हती." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लेकरांना म्हणाले, "पुढं सरका रे, पाव्हन्याला उभं ऱ्हाऊ द्या."

परतीच्या गाडीत किनवटच्या अलीकडं मेव्हण्याचा फोन आला. साधी गाठ. घाबरण्यासारखं काही नाही. मी खिडकीच्या गजावर डोकं टेकवून बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं सांगितलेलं दुसरं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं, की रिपोर्ट काल संध्याकाळीच तयार झाला होता, हातात आज मिळाला. काल संध्याकाळी मी कुठं होतो? धर्मशाळेत, अकरा वेळा आलोय म्हणून सांगत होतो. म्हणजे मी खरं बोलायच्या आधीच आईकडून उत्तर निघालं होतं. मग हा सगळा डोंगर मी चढलो कशासाठी, याचा मी पार नांदेडपर्यंत विचार केला. एवढंच कळलं की हिला जे द्यायचं ते आईनं त्या दोघींच्यातच देऊन टाकलं होतं. माझं काम फक्त बाता खाली टाकून तिच्यापुढं उभं राहण्याचं होतं. तेवढ्यासाठी तिला एक म्हातारी, एक नारळ आणि अख्खा किल्ला खर्ची घालावा लागला. असो. आई, तुझे उपकार.

घरी आलो तेव्हा ही चुलीपुढं भाकरी थापत होती. गळ्यावरची पट्टी निघालेली. वर न बघता म्हणाली, "तार आनली का?"

मी पिशवीतून आईच्या तांबुलाचा नवा डबा काढून तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिल्या डब्यापासून. एकही पायरी वाढवली नाही. तिनं भाकरी उलटली.

"मला म्हाईत व्हतं. त्यात पिपरमिंट व्हतं."

"मग डोळ्यांना लावून खाल्लास कशाला?"

"आईचं नाव घेऊन दिलता तुम्ही. झाकन लावा त्या डब्याला, मुंग्या लागतेत."