वादीच्या रकान्यातलं नाव

डेल्मर स्टकी चाळीस वर्षं गावभर एकच सांगत आला होता: विहिरीपायी धाकट्या वेंडेलनं आपल्याला कोर्टात खेचलं. त्यावरून त्यानं भावाशी बोलणं टाकलं. मार्चमध्ये वेंडेल गेला, तेव्हा मातीलाही तो गेला नाही. पुतणी रोक्सॅन म्हणाली, "दावा बाबांनी नव्हता लावला, काका." म्हणून तिला कागदच दाखवायला तो तिला घेऊन काउंटीच्या न्यायालयात आला होता.

नोंदींच्या खिडकीतल्या बाईनं वादींमध्ये वेंडेलचं नाव शोधलं. "या नावाचा वादी नाही."

"चष्मा पुसा, बाई!"

"चष्मा नवाच आहे, आजोबा. प्रतिवादींत बघते." ती आत जाऊन फाइल घेऊन आली. "हे घ्या. प्रतिवादी वेंडेल. वादी डेल्मर स्टकी. सही तुमचीच ना?"

सही त्याचीच होती. रागाच्या भरात वकिलाचा जिना चढलेली ती सकाळ त्याला आठवली. वेंडेलचं उलट उत्तर कोर्टातून आलं, तेवढंच त्यानं इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं.

"मग तो कधी बोलला का नाही?"

"मी भांडायचे बाबांशी," रोक्सॅन म्हणाली. "ते म्हणायचे, बोलू दे गं, थोरला आहे. दमला की येईल."

डेल्मर खिडकीवर वाकला. "बाई, दावा मागे घ्यायचा असला तर?"

बाईनं फाइल हलकेच मिटली. "निकाल तर कधीच लागला, आजोबा. तुम्ही जिंकला होतात."